उजळणीसाठी ठेवलेला पंधरवडा

चोवीस वर्षं मी मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले, "उजळणी करा रे, उजळणी करा." आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं? चार महिन्यांच्या अभ्यासाचं नियोजन आखलं आणि उजळणी नेऊन टाकली शेवटच्या पंधरा दिवसांत. वर त्या रकान्याखाली लाल शाईने दोन रेघाही मारल्या. मोठं काम केल्यासारखं!

पहिल्यापासून सांगते. मी केळशीच्या अलीकडे एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेत दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं. मी सेवाज्येष्ठ, म्हणून मुख्याध्यापकपणही माझ्याच गळ्यात. सगळं सुरळीत चाललेलं असताना नवा नियम आला, की जुन्या शिक्षकांनीही आता पात्रता परीक्षा पास व्हायची. मुदतीत झालात तर ठीक, नाहीतर घरी बसा.

मला आधी हसू आलं, मग संताप आला, मग दोन दिवस जेवण जाईना. निवृत्तीला अकरा वर्षं बाकी होती. नवऱ्याची आंब्याची पन्नासेक कलमं आहेत, त्यावर घर चाललं असतं म्हणा. पण मी काय केलं असतं? मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. कलमांना काय बाराखडी शिकवू? शाळा गेली तर मी उरत नाही, इतकं ते सरळ होतं. आणि गावात कळलं असतं की बाई नापास झाल्या, तर मी दापोलीच्या बाजारातसुद्धा तोंड दाखवलं नसतं.

परीक्षेला दीडशे प्रश्न, नव्वद गुण मिळाले की पास. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास. मी नवी कोरी टाचणवही काढली. आमच्या पेशात रोज टाचण काढावं लागतं, म्हणजे आज कुठला पाठ घ्यायचा ते आदल्या दिवशी लिहायचं. पाठ घेऊन झाला की समोर 'घटक पूर्ण' लिहायचं, तारीख टाकायची, सही ठोकायची. मुलांना तो आला का, याला रकाना नाही. आणि वर्षाच्या नियोजनात शेवटचे दोन आठवडे असतात 'सराव व उजळणी'. ते दोन आठवडे आजवर कुठल्या शिक्षकाने पाहिलेत, मला दाखवा! नेमकं तेव्हाच कुठलं तरी सर्वेक्षण निघतं, कुठली तरी माहिती दुपारी चारपर्यंत हवी असते. हे मला पाठ होतं. तरी माझ्या स्वतःच्या नियोजनात मी तेच लिहिलं, कारण हाताला तेवढंच वळण.

पहिले दोन महिने मी सुसाट सुटले. संध्याकाळी घरी आलं की दीड तास वाचायचं, नवा घटक संपवायचा, टिचकी मारल्यासारखं 'घटक पूर्ण'. नवं पान उघडण्यात एक मजा असते हो. आपण पुढे चाललोय, काहीतरी होतंय असं वाटतं. बालमानसशास्त्रात तर मला भारीच गोडी लागली. त्यात परदेशी विद्वानांची रांग आहे आणि प्रत्येकाने मुलाच्या वाढीच्या वेगवेगळ्या पायऱ्या सांगून ठेवल्यात. एकाच्या चार, एकाच्या आठ, एकाच्या सहा. दोन ते सात वर्षांचं मूल स्वकेंद्रित असतं, त्याला दुसऱ्याच्या बाजूने बघता येत नाही, असं एका ठिकाणी होतं. ते मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काही नाही. तुमचं सातवं कधी लागतंय ते बघत्येय."

"आधी पास हो गो," तो म्हणाला, "मग माझं वय काढ."

आमच्या शाळेतले दुसरे शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, ते सोलापूरकडचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ते ही परीक्षा पास होऊनच नोकरीत आलेले, त्यामुळे त्यांना घोर नव्हता. माणूस सज्जन, पण अशी शांत माणसं मला कधीकधी सहन होत नाहीत. दोन महिने झाल्यावर ते म्हणाले, "बाई, एकदा जुनी प्रश्नपत्रिका सोडवून बघा की." शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी चौथीच्या बाकावर बसले, घड्याळ लावून पेपर सोडवला आणि ऐटीत त्यांच्या हातात दिला. अर्ध्याहून जास्त घटक पूर्ण झाले होते ना माझे!

त्यांनी तपासला. चौऱ्याहत्तर.

"पुन्हा मोजा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा मोजले. आता त्र्याहत्तर झाले. मी म्हटलं, राहू द्या, पहिलंच बरोबर होतं.

आणि चुकलं काय होतं? गेल्या आठवड्यात वाचलेलं धडाधड बरोबर. पहिल्या महिन्यात वाचलेलं सगळं पाण्यात! चार पायऱ्या आणि आठ पायऱ्या यांची अशी खिचडी झाली होती की कुणाची कुठली पायरी, काही कळत नव्हतं. ज्या पानांवर माझी सही होती, तारीख होती, त्या पानांवरचं मला ठार आठवत नव्हतं. मी पेन्सिल टाकली. टाकली कसली, भिरकावली. ती पाण्याच्या माठावर जाऊन आदळली.

"बाई, राग येणार नसंल तर एक बोलू का?"

"येणार. बोला."

"तुम्ही नुसतं पुढं पुढं जाताय. मागचं कोण बघायचं?"

ते मला चांगलंच झोंबलं, आणि त्याला कारण होतं. हे सर रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात पाच प्रश्न लिहितात. दोन कालचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक गेल्या महिन्यातला. ते सोडवून झाल्याशिवाय नवा धडा उघडायचा नाही, अशी त्यांच्या वर्गाची रीत. मला वाटायचं, माणूस आळशी आहे, नवीन शिकवायचा कंटाळा, म्हणून अर्धा तास काढतो. आदल्याच वर्षी त्यांचा पाठ पाहून मी लॉगबुकात शेरा मारला होता, की अभ्यासक्रम मागे आहे, उजळणीत वेळ दवडू नये. खाली माझी सही. त्यांनीही मुकाट्याने सही केली होती. आता त्यांनी त्या शेऱ्याचा चकार शब्द काढला नाही, म्हणून मला जास्तच लागलं. शेवटी मीच म्हटलं, "तो शेरा माझा चुकला हो." ते म्हणाले, "असू द्या की." आणि उठून माठावरचं झाकण नीट ठेवलं.

मग मी पद्धत बदलली. आधी मागचं, मग पुढचं. पण माझा स्वभाव! एखादी गोष्ट करायची म्हटली की मला तोल म्हणून राहत नाही. मागचं पुन्हा वाचताना पहिले चार दिवस जीव गेला. जुनी पानं उघडायची म्हणजे आपल्याला काय काय येत नाही याचीच यादी वाचायची. पण पाचव्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. विचारलं की आलं, विचारलं की आलं. अहाहा! मला त्याची चटकच लागली. मी तेच तेच बारा घटक घोळवत बसले. नवरा मासे साफ करत असला की पुस्तक त्याच्यासमोर उघडं ठेवायची, तो विचारायचा, मी सांगायची. कोलंबी सोलता सोलता त्यालाही सगळं पाठ झालं. एकदा एका पायरीचं नाव सांगताना मी अडखळले तर तोच म्हणाला, "अगो, मूर्त क्रियात्मक! सात ते अकरा!" वर म्हणतो, "मीच बसू काय परीक्षेला? निदान एक तरी पास होईल घरात."

तीन आठवडे असे मजेत गेले. मग सरांनी विचारलं, "इंग्रजी कुठवर आलं?" मी म्हटलं, मानसशास्त्र पक्कं चाललंय. "ते झालं हो. इंग्रजी?" परिसर अभ्यासाचा अर्धा भाग आणि इंग्रजीचं व्याकरण मी उघडलंच नव्हतं. येणारं पुन्हा पुन्हा म्हणण्यात एवढं सुख होतं की न येणाऱ्याकडे बघवेना. "बाई," ते अगदी हळू म्हणाले, "आता नवीन उघडा." अशी शिस्त मला मुलांना छडीशिवाय लावता आली असती तर!

त्यानंतर घरी एक नियम ठरला, आणि तो नवऱ्याने ठरवला, हे मला मान्य करायलाच हवं. संध्याकाळी भाताचा कुकर लावायचा. तिसरी शिट्टी होईपर्यंत मागचं. शिट्टी झाली की तो येऊन पुस्तक हातातून काढून घ्यायचा, मी कितीही रंगात असले तरी. मग नवीन. "एवढं एक उत्तर सांगून घेऊ दे," मी गयावया करायची. "भात करपेल," तो म्हणायचा. भाताचा आणि उत्तराचा काय संबंध, पण वाद घालायलाही वेळ नव्हता. मागच्यातलं रोज काय घ्यायचं ते मी सरांसारखंच वाटून घेतलं, कालचं, आठवड्याचं, महिन्याचं. जे दोनदा बिनचूक आलं ते लांबच्या दिवसावर टाकायचं. जे चुकलं ते उद्याच पुन्हा. इंग्रजी रोज चुकायचं, म्हणून ते रोजच पुढ्यात यायचं.

आणि शेवटचा तो पंधरवडा? झालं काय असणार! मतदार यादीचं काम आलं. घरोघर फिरा, फॉर्म भरून घ्या, कुणी मुंबईला, कुणी कुवेतला, त्यांचे फोटो मागा. संध्याकाळी घरी आले की पाय वर करून पडायचं त्राण राहायचं नाही. त्या दिवसांत मी एक पान वाचलं नाही. जुन्या नियोजनाप्रमाणे गेले असते तर माझं सगळं तिथेच बुडालं असतं. पण मागचं मागेच झालेलं होतं. एका घरातून दुसऱ्या घरात चढउतार करताना मी मनातल्या मनात प्रश्न विचारत जायची, एवढंच. एकदा मोठ्याने बोलले, तर अंगणातल्या म्हातारीला वाटलं बाई तिच्यावर चिडल्या.

परीक्षा रत्नागिरीला. आदल्या दिवशी एसटीने गेले. सकाळी केंद्रावर मी माझा नंबर शोधत वर्गात शिरले, तर तिसऱ्या बाकावरची मुलगी ताडकन उभी राहिली. दोन्ही हात मागे, मान खाली, अगदी चौथीत उभी राहायची तशी. मी लगेच ओळखलं. आमच्या गावच्या मोहल्ल्यातली, वडील गल्फला. उर्दू शाळा लांब, म्हणून चारही वर्षं माझ्या वर्गात होती.

"नमस्ते बाई. सुपरविजनला आलात?"

वर्गातली सगळी डोकी वर झाली. खोटं बोलायला जीभ वळली होती, खोटं कशाला सांगू. पण माझ्या हातात प्रवेशपत्र होतं आणि माझा बाक तिच्या मागचाच होता.

"नाही गो. तुझ्यासारखीच. पेपर द्यायला."

ती म्हणाली, "बरं झालं बाई. मला एकटीला लय भीती वाटत होती." आणि मला लाज वाटायची ती निम्मी तिथेच गेली.

पेपर बरा गेला. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही दोघी स्टॅण्डवर चहा घेत बसलो. तिने डी.एड. केलं होतं, घरून लग्नाचं चाललेलं होतं, नोकरी लागली तर थांबवता येईल म्हणत होती. मी विचारलं, कसा गेला?

"बाकीचा चांगला. गणितात वाट लागली." ती हसली. "मोठा भागाकार आला की माझा हात अजून थांबतो बाई. पहिल्यापासून. चौथीत तुम्ही घेतला होतात, मला आठवतंय, गणपतीच्या आधी. मला तेव्हा कळत आलं होतं, अजून दोन दिवस हवे होते. पण मग आपण पुढे गेलो."

ती तक्रार करत नव्हती. तिला वाटत होतं चूक तिचीच. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत ती खिडकीशी झोपली आणि मी तिच्या शेजारी बसून मोजत राहिले, चोवीस वर्षांत असे दोन दिवस मी किती जणांचे खाल्ले असतील.

निकाल लागला. मला शहाण्णव! नवऱ्याने कुकरची शिट्टी तोंडाने वाजवून दाखवली, सर पहिल्यांदाच दात दाखवून हसले, आणि मी पदराने डोळे पुसत बसले. शाळा राहिली. अकरा वर्षं राहिली. मग मी तिला फोन केला. तिला सत्त्याऐंशी. तीन गुण कमी.

"तुम्ही पास झालात ना बाई?" ती म्हणाली. "मग मस्त."

"शनिवारी सकाळची शाळा असते," मी म्हटलं. "सुटायच्या वेळेला ये."

ती आली. मुलं घरी गेली होती. मी फळ्यावर नऊशे छत्तीस भागिले अठरा लिहिलं आणि खडू तिला दिला. तिने हात वर नेला आणि तो तिथेच थांबला. सवयीने तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चौथीच्या बाकावर बसले होते.

"थांब हवं तेवढं," मी म्हटलं. "मी पुढे जात नाही."