अकराव्या पावलानंतर

दिव्यानी रामटेके नेमकं काय काम करते, हे तिच्या आईलाही नीट सांगता येत नसे. पोंभुर्ण्यापासून चार कोसांवरच्या त्या गावात कोणी विचारलंच, तर रुखमाबाई म्हणायच्या, "राक्षस काढते." ऐकणारा दचकायचा. मग त्या घाईघाईनं जोडायच्या, "कॉम्प्युटरवर."

खोटं त्यात काही नव्हतं. चंद्रपूरला चित्रकला शिकून दिव्यानी गावी परतली होती आणि घराच्या मागच्या खोलीत बसून जगात नसलेले प्राणी काढत होती. कधी एखाद्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, कधी पत्त्यांचा खेळ. नेटवर्क फक्त अंगणातल्या शेवग्याखाली मिळायचं, म्हणून पूर्ण झालेला राक्षस शेवग्याखाली नेऊन परदेशी पाठवावा लागे. सामान मात्र सगळं गावातलं. ऐनाच्या झाडाची साल भेगाळून मगरीच्या पाठीसारखी दिसते. तिच्या सगळ्या ड्रॅगनांची कातडी ऐनाची. डोळे शेजारच्या बकरीचे. त्यामुळे तिचे ड्रॅगन आग ओकतानाही आता पाला मिळेल का, अशा आशेनं बघायचे.

वडील वामनराव बत्तीस वर्षं वनरक्षक होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि या वर्षभरात त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. एके दिवशी ते चष्मा पुसत लेकीच्या खोलीत आले आणि पडद्यावरच्या ड्रॅगनसमोर बराच वेळ उभे राहिले.

"खाते काय हे?"

"माणसं खाते, बाबा."

"रोज? एवढ्या धुडाले रोज किती माणसं लागतीन? आन् पानी कुठी पेते? शेन कसं टाकते?"

"बाबा, हा काल्पनिक प्राणी हाये."

"काल्पनिक असला म्हनून का उपाशी राह्यते?"

दिव्यानी हसली, पण रात्रभर तो प्रश्न डोक्यातून जाईना. सकाळी तिनं त्याच ड्रॅगनचं एक वेगळं पान केलं. पाऊल, विष्ठा, नखांनी ओरबाडलेलं झाड, बसण्याची जागा, आणि बाजूला बाबांनी सांगितलेल्या टिपा. गंमत म्हणून ते तिनं आपल्या कामांच्या ऑनलाइन पानावर टाकलं. पंधरा दिवसांत पोलंडमधल्या एका छोट्या खेळ-कंपनीची चिठ्ठी आली. पत्त्यांचा संच करायचा आहे, असेच बारा प्राणी हवेत, प्रत्येकाच्या खाणाखुणांसकट.

वामनरावांनी त्याच दिवशी जुनी खाकी टोपी काढून झटकली.

अकरा प्राणी सुरळीत झाले. बारावा मोठा होता, तीन बोटांचा, दोन टन वजनाचा. त्याचं पाऊल दिव्यानीनं तीनदा काढलं आणि वामनरावांनी तीनदा नापास केलं.

"हे चिखलात नाई, कागदावर उमटलं. दोन टनाचा जनावर एक वीत खाली जाते. कडेनं चिखल उचलते. तू पाह्यलंच नाई तं काढशीन कुठून?"

"दोन टनाचा जनावर आनू कुठून मी?"

वामनरावांकडे उत्तर तयार होतं. त्यांनी आंब्याच्या फळीचं हातभर लांब पाऊल कापलं, नखांच्या जागी बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, आणि दुपारी बापलेक गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, गेले. मार्च होता, पाणी ओसरून काठाला मऊ चिखल पडला होता. वामनराव फळी ठेवायचे, फळीवर धानाचं अर्धं पोतं ठेवायचे, आणि पोत्यावर दिव्यानी उडी मारायची. एक पाऊल झालं की पाच हात मोजून पुढचं.

"डाव्या पायावर जोर दे! थोडा लंगडते तो!"

"लंगडते काऊन?"

"म्हातारा हाये."

अकरा पावलं झाली आणि दोघांनाही भूक लागली. जाताना वामनरावांनी जुन्या सवयीनं पळसाच्या फांदीनं आपल्या दोघांच्या पायांचे ठसे पुसून टाकले. फोटो स्वच्छ यावेत म्हणून. फोटो काढले, फळी आणि पोतं घेतलं, घरी आले. दिव्यानीचं पाऊल त्या संध्याकाळी एकदाचं पास झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुताई बोडीवर धुणं घेऊन गेली आणि धुणं तिथंच टाकून परत आली. इंदुताई वाघाला दगड मारून हाकलणारी बाई. ती पळाली म्हटल्यावर अर्धं गाव बोडीकडे धावलं.

बोडीच्या पारावर, म्हणजे बांधावर, उभे राहून लोकांनी पावलं मोजली. अकरा. अकराव्यानंतर चिखल कोरा. पुढं जायचा माग नाही, मागं फिरायचा माग नाही.

"म्हंजे उडालं," नानाजी भोयर म्हणाले.

नानाजी गावातले सगळ्यात ठाम माणूस. त्यांनी एकदा म्हटलं की ते झालेलंच असायचं. दहा मिनिटांत त्यांना आठवलं की काल दिवस मावळताना डोक्यावरून काहीतरी मोठं गेलं होतं. सुपाएवढे कान होते. आवाज धान मळायच्या मशीनसारखा. कोणी म्हणालं, रंग हिरवा होता. नानाजी म्हणाले, खालून हिरवा, वरून तांबडा.

"तुमी वरून कसा पाह्यले, जी?" इंदुताईनं विचारलं.

"वळला न तो!"

वामनरावांच्या जुन्या बीटवर, म्हणजे जंगलाच्या हद्दीत, आता प्रफुल नावाचा तरुण वनरक्षक होता, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याचा फोन आला तेव्हा वामनराव चहा पीत होते.

"सर, तुमी याच. मले तं काई समजून नाई राह्यलं."

सर! वर्षभरात पहिल्यांदाच. वामनरावांनी टोपी घातली. "बाबा, ते आपले पाय हायेत!" असं दिव्यानी म्हणत होती, पण तोवर ते फाटकाबाहेर पडले होते. ती मागे धावली.

बोडीवर प्रफुलनं प्रत्येक ठशाभोवती चुन्याचं गोल आखलं होतं आणि उन्हानं चिखल फुटू नये म्हणून वर घमेली पालथी घातली होती. अकरा घमेली! गावातली सगळी बांधकामं बंद पडली असणार. त्यानं टेप काढला, खोली मोजली, पावलांमधलं अंतर मोजलं, वहीत आकडेमोड केली आणि हळूच म्हणाला, "सर, वजन दोन टनाच्या आसपास भरते. आन् डावा पाय अधू हाये. म्हातारा असन."

"शाबास!" वामनरावांचा चेहरा उजळला. "दोन टनच! एकदम बरोबर! मी म्हनलो होतो न, दिव्यानी?"

सगळं गाव त्यांच्याकडे वळलं.

दिव्यानीनं डोळे मिटले, उघडले, आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फळी, पोतं, उड्या, पोलंड. घरी धावत जाऊन फळीचं पाऊल आणलं, ठशात बसवून दाखवलं. चपखल बसलं.

सगळे वाकून पाहू लागले. मग नानाजींनी मान हलवली.

"बसलं. मान्य हाये. पन मंग ते उडालं कसं?"

"काका, आमी जेवाले गेलो!"

"तुमी जेवाले गेले. मी जे पाह्यलो ते येगळं होतं."

आश्चर्य म्हणजे बहुतेकांना हे पटलं. एका काल्पनिक प्राण्याचे पाय सापडले म्हणून दुसऱ्यानं उडू नये असं थोडंच आहे? प्रफुल मात्र डोकं धरून बसला होता. त्यानं फोटो आधीच वरिष्ठांना पाठवले होते आणि "प्राणी ओळखून अहवाल द्या" असं उत्तरही आलं होतं. वामनराव त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "चूक माही हाये, बाप्पा. लिही, पाऊल लाकडी. सही मी करतो."

पण इंदुताई अजून रागातच होती. ती दिव्यानीसमोर येऊन उभी राहिली.

"वाघ कमी हायेत का आमाले? सकाळी उठून पान्यावर जाताना जीव मुठीत राह्यते. तू त्यात आनखी एक आनला?"

दिव्यानीचा चेहरा उतरला. एवढी वर्षं भीती रंगवून ती पोट भरत होती, पण कोणाला खरंच भीती वाटेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. "चुकलं, ताई," ती म्हणाली. "काय करू सांगा."

"बुजव."

मग दिव्यानी घोट्यापर्यंत चिखलात उतरली आणि एकेक पाऊल पायांनी तुडवू लागली. वामनरावही पँट वर करून उतरले. गाव पारावर बसून बघत होतं. नानाजी वरून सूचना देत होते, आणि सूचनांच्या मधे मधे त्यांना आणखी आठवत होतं. शेपटीला गाठ होती. गळ्याखाली कातड्याची पोळी लोंबत होती, बैलासारखी. पारावरून भर पडू लागली. कोणी त्याला शिंकताना ऐकलं होतं. बोडीत मासे धरणारा झिंगू ढीवर म्हणाला, त्यानं माझं जाळं पाहिलं आणि लाजला. इंदुताई सगळ्यांना खोटारडे म्हणत होती. पण शेवटी तीही बोलली.

"लाजला नाई तो. जाळं पसंत नाई पडलं त्याले."

दिव्यानी तुडवत होती आणि ऐकत होती. घरी येऊन तिनं पाय धुतले नाहीत. तशीच बसली आणि दोन दिवसांत तेरावा प्राणी काढला. सुपाचे कान, गाठीचं शेपूट, खालून हिरवा, वरून तांबडा, तोंडावर नापसंती. बारांसोबत तोही शेवग्याखालून पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं. बाराही छान आहेत, पण हा तेरावा संचाच्या डब्यावर घेऊ. हा तुम्हाला कुठं सुचला?

"मला नाही सुचला," दिव्यानीनं लिहिलं. "आमच्या गावातल्या सतरा जणांनी पाहिला आहे."

सहा महिन्यांनी डबा टपालानं आला. आत बारीक अक्षरात छापलं होतं, खाणाखुणांचे सल्लागार वामनराव रामटेके. डबा गावभर फिरला. प्रफुलनं तेवढ्या ओळीचा फोटो काढून घेतला. नानाजींनी डबा हातात धरून, लांब नेऊन, जवळ आणून पाहिला.

"शेपूट लहान काढली," ते म्हणाले. "बाकी तोच."

दिव्यानीकडे येणारी कामं वाढत गेली. पुढचं आलं ते समुद्रातल्या प्राण्यांचं. आता पंचाईत झाली, कारण बापलेकीपैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. वामनरावांनी दोन दिवस विचार केला आणि लेकीला घेऊन झिंगूकडे गेले. पाण्यातलं तोच जास्त जाणतो म्हणून.

झिंगू जाळं विणत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"समुद्र मी बी नाई पाह्यलो, भाऊ. पन म्हनते तिथलं पानी खारं राह्यते." त्यानं गाठ आवळली. "तिथी मासे शिजवाले सोपे असतीन. मीठ आधीच टाकलेलं."

वामनरावांनी खिशातून वही काढली आणि हे लिहून घेतलं.