पहिली हळद

"फ्यूज कुणाच्या खिशात हाय?"

शेतात मोटर काढायला आल्यावर काकूंचा हा पहिला प्रश्न असायचा. डीपीवरचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला फ्यूज त्यांच्या हातात पडल्याशिवाय त्या विहिरीच्या कडेला पाऊल टाकत नसत. "काढून तिथंच ठिवलाय काकू," असं कुणी म्हणालं, की त्या बांधावर बसकण मारायच्या. "मग घेऊन या. मी बसली हाय." फ्यूज आला, की तो पिशवीत जायचा आणि पिशवी काखेत. मगच पान्हा बाहेर निघायचा.

नवख्या माणसाला हा तऱ्हेवाईकपणा वाटे. बोरी बुद्रुकमध्ये मात्र कुणी हसत नसे. आमच्याकडे एका डीपीवर दहा-बारा शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि वायरमनची वाट न बघता जो तो आपल्या हाताने फ्यूज काढतो, घालतो. काकूंचा नवरा मोटारी भरायचा, म्हणजे जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचा. एका दुपारी फ्यूज काढून तो विहिरीत उतरला होता. वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्याचा कांदा वाळत होता. तो आला, त्याला फ्यूज खाली पडलेला दिसला, त्याने तो बसवला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. हे काकूही म्हणायच्या. पण माणूस गेला.

तेव्हा त्यांची मुलगी सारिका बालवाडीत होती.

माझं दूध संकलन केंद्र आणि त्यांचं दुकान समोरासमोर. मी दुधाची फॅट मोजणारा माणूस. गावगप्पा सांगत नाही, जे समोर पाहिलं किंवा काकूंनीच सांगितलं तेच सांगतो. तेरावं झाल्यावर दीर दुकानाच्या गाळ्याचं माप घ्यायला आला. त्याला तिथे चिकनचं दुकान टाकायचं होतं. काकू आत जमिनीवर बसल्या होत्या, मांडीत नवऱ्याने अर्धी भरून ठेवलेली मोटर. "भावजी, टेप गुंडाळा," त्या म्हणाल्या. "ह्यो गाळा चालू हाय."

नवऱ्याला त्या घरी तारेखाली घालायचे कागद कापून द्यायच्या, तारेचे वेढे मोजून द्यायच्या, तेवढीच त्यांची माहिती. पहिली मोटर भरून दिली ती पाणी यायच्या आत धूर सोडून बसली. मालक भर चौकात ओरडला, "चुलीवर ठिवली व्हती का गं?" काकूंनी ती परत घेतली, पदरची तार घालून पुन्हा भरली. पुन्हा जळली. मग त्या नारायणगावला नवऱ्याच्या जुन्या उस्तादाकडे गेल्या. तो म्हणाला, "बाईमाणूस इथं काय करणार?" त्या म्हणाल्या, "बसणार." आणि वर्षभर बसल्या. सकाळच्या एसटीने जायच्या, सारिका शाळेतून यायच्या आत परत.

त्यानंतरचं साऱ्या पंचक्रोशीने पाहिलं. पारगावपासून डिंभ्यापर्यंतच्या मोटारी त्या गाळ्यासमोर टेम्पोतून उतरायच्या. भरलेल्या तारेवर ओतायच्या व्हार्निशचा वास माझ्या दुधाला लागतो अशी माझी तक्रार होती. त्यावर त्या म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या दुधात पाणी किती ते मी कधी इचारलं का?"

गिऱ्हाइकाला तर त्या सोडतच नसत.

"काकू, मोटर आपोआप जळली बघा."

"आपोआप केस पिकत्यात राव. मोटर तुमी जाळली. लाईट आली की आपसूक चालू व्हावी म्हणून स्टार्टरच्या बटणात काडी खुपसली व्हती का नाय?"

"लाईट कवा येती न कवा जाती, मग काय करू?"

"झोपा. पर काडी काढून झोपा."

माणूस हसायचा आणि कान धरायचा.

अशी ही बाई एका जागी मात्र मागे सरकायची. नवीन बोअरला पहिलं पाणी काढताना आमच्याकडे नारळ फोडतात, मोटारीला हळदकुंकू वाहतात आणि घरची सवाष्ण स्टार्टरचं बटण दाबते. मोटर काकूंनी भरलेली, काकूंनीच बोअरमध्ये सोडलेली. पण नारळ हातात घेतलेला दिसला की त्या पिशवी उचलून लांब कुंपणापाशी जाऊन उभ्या राहायच्या. त्यांना मागे हो असं कुणी म्हणत नसे. म्हणायची वेळच त्या येऊ देत नसत.

माझ्या बोअरच्या वेळी माझी बायको त्यांना म्हणाली, "काकू, आज बटण तुमीच दाबा."

"नाय गं बाई. नवं पाणी हाय."

"मोटर कुणी भरली मग?"

"भरली म्हणून काय झालं? तू दाब." आणि कुंपणापासून ओरडल्या, "पाणी पडलं का?" पाइपातून पाणी फुटल्याचा आवाज त्यांना तिथे ऐकू आला असणार. त्या हसत होत्या.

सारिका नर्स झाली, मंचरला दवाखान्यात लागली. लग्न ठरलं. तेव्हा ती आईला म्हणाली, "पहिली हळद तू लावायची. न्हायतर मी पाटावर बसणार नाय."

"तुझी चुलती लावंल."

"चुलतीनं मला वाढवलं का?"

"सारे, हट्ट करू नको. माझ्या हातानं नको."

"ह्याच हातानं जेवली मी रोज. तवा काय झालं?"

दोघी एका घरात राहून लग्नापर्यंत एकमेकींशी धड बोलल्या नाहीत.

हळदीच्या सकाळी काकू मांडवात नव्हत्या. गाळ्याचं शटर वर होतं. मी आणि बायको बोलवायला गेलो, तर त्या मोटर भरत बसलेल्या. "लोकांचं पाणी अडलंय," म्हणाल्या, मान वर न करता. ती मोटर कधीपासून कोपऱ्यात पडून होती. मालकाने दुसरी घेतली होती, तो ती न्यायला येणारच नव्हता. मला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

तेवढ्यात सारिका आली. पिवळं पातळ, कपाळाला मुंडावळ्या, हातात हळदीची वाटी. मागे चार बायका धावत आलेल्या. ती आईपुढे गुडघ्यावर बसली. "आई, हात पुढं कर."

काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान मूल काहीतरी लपवतं तसे.

सारिकाने वाटी तशीच पुढे धरली. मग उठली आणि गेली. पहिली हळद चुलतीने लावली. अक्षता पडल्या तेव्हा काकू आचाऱ्याच्या कढयांपाशी उभ्या होत्या. तिथून त्यांनी टाकलेले तांदूळ मांडवापर्यंत पोचले नाहीत.

पुढे एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "भाऊ, खरंच काय व्हतं का हो? विधवेचा हात लागल्यावर?"

"काही होत नाही," मी म्हणालो.

"मला बी तसंच वाटतं." त्या तारेचं टोक बोटात फिरवत राहिल्या. "मोटारीची ट्रायल घेता येती. जळली तर परत भरायची. लेकीची ट्रायल कशी घ्यायची?"



सारिकाचा संसार चांगला चालला. सणाला ती यायची, आईला साडी आणायची, औषधं आणायची, पण हळदीचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. यंदाच्या थंडीत काकूंच्या छातीत कफ झाला. सारिकाने त्यांना आपल्याच दवाखान्यात नेलं, रात्रंदिवस उशाशी बसली. काकू परत आल्या त्या गाडीत आडव्या.

अंगणात गर्दी होती. दर गावचा कुणी ना कुणी आलेला. आंघोळ घालून झाली. पांढरं पातळ नेसवलं. उचलायची वेळ झाली, तेव्हा सारिका घरात गेली आणि वाटीत हळद कालवून बाहेर आली.

चुलती पुढे झाली. "अगं, विधवेला हळद नाय लावत."

"तिला नाय लावत," सारिका म्हणाली. "मला लावून घेतीय."

ती खाली बसली. आईचा उजवा हात उचलून तिने बोटं वाटीत बुडवली. व्हार्निशने काळवंडलेली बोटं, नखांच्या कडा कधीच स्वच्छ न झालेल्या. तो हात तिने एका गालावर धरला, मग दुसऱ्या. हात ताठला होता, त्यामुळे तिलाच चेहरा वळवावा लागला.

चुलतीने पदर तोंडाला लावला.

सारिका नदीपर्यंत आमच्याबरोबर चालत आली. वाटेत नवऱ्याने गाल पुसायला रुमाल पुढे केला. तिने मान हलवली, आणि ओली हळद गालावर तशीच घेऊन ती चालत राहिली.