घरापेक्षा मोठा गालिचा

बहात्तर साली भाऊसाहेब चांदोरकर फ्रिज आणायला म्हणून घरातून निघाले आणि गालिचा घेऊन परत आले.

झालं असं की चाणक्यपुरीत कुणी परदेशी वकिलातीतला साहेब मायदेशी चालला होता. त्याच्या घरातल्या सामानाचा लिलाव होता आणि तिथे फ्रिज स्वस्तात सुटतो, असं भाऊंना ऑफिसातल्या मित्रानं सांगितलं होतं. भाऊ गेले. बंगल्याच्या हिरवळीवर एक गालिचा पूर्ण पसरलेला होता. त्यावर एक मोठं झाड होतं, बुंध्याशी हरणं आणि वर फांद्याफांद्यांवर पक्षी. भाऊ त्या झाडापुढे उभे राहिले ते उभेच राहिले. फ्रिज कुणी दुसऱ्यानं नेला.

करोल बागेतलं त्यांचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. गालिचा हातगाडीवरून आला आणि अरुंद जिन्यावरून तो वर चढवताना भाऊंची कंबर धरली ती कायमची. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि ओझं उचलायचं नाही, अशी तंबी दिली. पुढे बाहेरच्या खोलीत गालिचा उलगडायला घेतला, तर झाडाला जेमतेम फांद्या फुटेपर्यंत भिंत आली. उरलेली गुंडाळी तशीच दिवाणाखाली सरकवून दिली.

"घर बघून गालिचा घ्यायचा असतो, की गालिचा बघून घर?" त्यांच्या बायकोनं, कुसुमावतींनी विचारलं.

"होईल की घर मोठं," भाऊ म्हणाले.

सरकारी कारकुनाचं घर मोठं व्हायचं होतं तेवढं झालं, म्हणजे झालं नाही. सुनेत्रा, त्यांची एकुलती एक मुलगी, त्या अर्ध्या झाडावर खेळली, तिथेच बसून पाढे शिकली. आल्यागेल्याला भाऊ हटकून सांगायचे, "वर पक्षी आहेत बरं का. एकापेक्षा एक. दिवाणाखाली आहेत." पाहुणे वाकून दिवाणाखाली बघत आणि मान डोलवत. कुसुमावती चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असत आणि फक्त एक शब्द म्हणत, "असतील." तो शब्द त्या अशा काही म्हणत की पाहुण्यांना हसू आवरायचं नाही. 'भाऊंचे पक्षी' ही त्या घरातली कायमची थट्टा होऊन बसली. सुनेत्राही त्यात मागे नव्हती. कॉलेजात असताना न दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीला ती भाऊंचे पक्षीच म्हणायची.

गालिच्याची निगा भाऊ जातीनं राखत. चप्पल दाराबाहेर, चहा मोरीजवळच्या खुर्चीवर. कुणाच्या हातून काही सांडलंच तर "घासू नका, टिपा!" असं ते ओरडत आणि धुतलेला पंचा घेऊन धावत. रविवारी व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेलं फडकं लवीच्या कलानं फिरवत. इतकं करूनही वर्षभराच्या धुळीनं रंग मळून जायचे. मात्र दरवर्षी होळीनंतर एखाद्या संध्याकाळी ते ऑफिसातून परत येत आणि दारातच थबकत. गालिचा उजळलेला असे.

"बघितलंस? फाल्गुनातली हवा मानवते त्याला," ते म्हणत. "आणि माझं व्हिनेगर."

"तुमचं व्हिनेगरच," कुसुमावती म्हणत आणि कणीक मळत राहत.

त्या सुमारास खोलीत तंबाखूचा मंद वासही यायचा. भाऊंना वाटायचं, खालच्या घरमालकाचा हुक्का. त्यावर ते नाक मुरडायचे.

कुसुमावती गेल्या त्या त्र्याण्णवच्या डिसेंबरातल्या थंडीत. साधा न्यूमोनिया म्हणता म्हणता हाताबाहेर गेला. भाऊ त्या दोन खोल्यांत एकटे राहिले. होळी आली आणि गेली, पण गालिचा उजळला नाही. भाऊंनी व्हिनेगर वाढवून बघितलं. पुढच्या होळीलाही तेच. "हवाच बिघडली आहे दिल्लीची," ते म्हणाले, आणि ते खरंही असल्यामुळे कुणी वाद घातला नाही.

इकडे सुनेत्राच्या घरात मात्र वारं फिरलं होतं. तिचा नवरा दिनकर सरकारी नोकरी सोडून नोएडातल्या एका नव्या टीव्ही कंपनीत लागला होता. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, आणि पंच्याण्णवमध्ये त्याच लोकांनी त्याला कर्जाचे फॉर्म कसे भरायचे ते विचारलं. तिथल्याच एका सेक्टरमध्ये फ्लॅट मिळाला. रस्ते अर्धे कच्चे, वीज लहरी, खिडकी उघडली की ओंजळभर धूळ आत. पण हॉल होता! सुनेत्रानं त्या रिकाम्या हॉलमध्ये पावलं टाकून बघितली आणि तिला एकदम कळलं की इथे गालिचा मावतो. सबंध मावतो.

ती त्याच रविवारी करोल बागेत गेली. "भाऊ, तुम्ही आमच्याकडे चला राहायला. आणि गालिचा घेऊन चला."

"मी येतो," भाऊ म्हणाले. "गालिचा राहू दे."

"का पण? सगळं आयुष्य तुम्ही मोठ्या घराची वाट बघितलीत ना?"

भाऊ उठून चहाचं आधण ठेवायला गेले. तिला वाटलं, आईची आठवण असेल. चहा झाला, तेव्हा त्यांनीच विषय काढला. "तुझी आई नेहमी म्हणायची, गुंडाळून ठेवलेल्या लोकरीला कसर लागते. अंधार आणि शांतता मिळाली की ही कीड माजते. सुनू, ती गुंडाळी मी घातली त्याला तेवीस वर्षं झाली. ही कंबर अशी, मी एकदाही उघडली नाही. आधी उघडता येत नव्हती, मग उघडायची भीती वाटायला लागली." त्यांनी दिवाणाकडे बघितलं. "आत भुसा असेल तर? मी जन्मभर लोकांना पक्षी आहेत म्हणून सांगत आलो. ते नसले तर मी काय करू?"

ज्या गोष्टीवर तीसुद्धा हसत आली होती, ती या माणसाच्या एवढी जिवाची असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. "असतील," ती म्हणाली. पण आईच्या तोऱ्यात नाही. शेवटी भाऊ गालिचा न्यायला तयार झाले.

टेम्पो आला त्या दिवशी शेजारच्या संतोष आंटी सगळ्यांच्या आधी तयार होऊन जिन्यात उभ्या. भाऊ राहायला आले त्याच्याही आधीपासून तिथे असलेल्या या पंजाबी बाई, कुसुमावतींची सख्ख्या बहिणीसारखी मैत्रीण. "मैं भी चलूँगी," त्यांनी जाहीर केलं. हमालांना त्यांनी असा दम भरला, "मोड़ना नहीं, गोल ही रखना," की दिनकर चाटच पडला. एवढी काळजी त्यांनी दिवाणाचीही केली नव्हती.

नोएडाच्या हॉलमध्ये गुंडाळी भिंतीपाशी ठेवली. भाऊ खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला. बघायचं नाही, असाच बेत दिसत होता. दिनकर आणि सुनेत्रा दोन टोकांना लागले. ओळखीची हरणं आली, बुंधा आला, फांद्या फुटल्या. जिथे नेहमी भिंत यायची ती जागा आली. सुनेत्रानं गुंडाळी पुढे ढकलली.

आतून एक पुरचुंडी घरंगळत बाहेर आली. मग दुसरी. मग कितीतरी.

तनया, सुनेत्राची मुलगी, धावली. "आई, ये देखो, पोटली!"

"पुरचुंडी म्हणतात," सुनेत्रा सवयीनं म्हणाली आणि एक उचलली. बारीक टाक्यांनी शिवलेली, आत कडुनिंबाचा वाळका पाला आणि तंबाखू. कापड पिवळं, त्यावर पांढरे ठिपके. हा तर तिचा तिसरीतला फ्रॉक! पुढची तिच्या शाळेच्या ट्यूनिकची. मग भाऊंचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कॉलेजातली ओढणी, तिच्या लग्नातल्या परकराचा काठ. एकीवर तनयाच्या दुपट्याची बदकं. आईनं साल-दरसाल घरातल्या जुन्यात जुन्या चिंधीलाही असं कामाला लावलं होतं. सुनेत्रा तिथेच फतकल मारून बसली आणि तिला रडू फुटलं.

"कुणी केलं हे?" भाऊंचा आवाज चिरकला.

"और कौन करेगा?" संतोष आंटी म्हणाल्या. "हर साल, होली के बाद. आप दफ़्तर, बिटिया स्कूल. मैं, मेरी देवरानी और कुसुम, तीनों मिलके छत पे ले जाते थे. पूरा खोलके उल्टा बिछाओ, पीछे से पीटो, फिर छाँव में हवा दो. शाम से पहले वापस."

"मला का नाही सांगितलं?"

"कहती थी, बता दिया तो ये खुद उठाने लगेंगे. कमर टूट जाएगी. इनको व्हिनेगर से खुश रहने दो."

भाऊंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. उरलेलं झाड आता पूर्ण उघडलं होतं. आणि होते, पक्षी होते. निळे, तांबडे, हळदीसारखे पिवळे, कालच विणल्यासारखे ताजे. एक मान वळवून बसलेला, एक पंख उघडलेला. भाऊ खुर्चीतून उठले, डॉक्टरांची सगळी बंधनं विसरून गुडघ्यांवर टेकले आणि एकेका पक्ष्यावरून हात फिरवू लागले.

"म्हणजे ती दरवर्षी बघत होती," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी एकट्यानंच बघितलेत. 'असतील' म्हणायची, आणि दरवर्षी बघत होती!" ते हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मग त्यांचा हात थांबला. अगदी वरच्या फांदीवरच्या एका पक्ष्याची शेपटी नव्हती. तळहाताएवढ्या जागेतली लोकर कुरतडून गेली होती आणि खालचे उघडे धागे दिसत होते.

"कसर," सुनेत्रा हळूच म्हणाली.

संतोष आंटींना तो शब्द त्यांच्या हिंदीतला वाटला. त्या जवळजवळ रागावूनच म्हणाल्या, "ना बेटा, ऐसा मत बोल. कुसुम ने कोई कसर नहीं छोड़ी थी."

भाऊंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "बिल्कुल सच, बहनजी," ते म्हणाले. "कोई कसर नहीं छोड़ी." आणि मग त्या खाल्लेल्या जागेवर तळहात ठेवून सुनेत्राला म्हणाले, "ही ती गेल्यानंतरची, सुनू. दोन होळ्यांची."

तनया पुरचुंड्या ओच्यात गोळा करून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

दिनकरनं दबकत विचारलं, "भाऊ, आठवण म्हणून तसंच ठेवायचं का ते?"

"छे!" भाऊ म्हणाले. "करोल बागेत चांगला रफूवाला आहे, त्याला बोलवा. तिला कसर ठेवलेली चालायची नाही." मग अंगातल्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरून त्यांनी निरखून बघितलं. "आणि सुनू, हा सदरा आता जुना झालाय. सुई-दोरा दे मला. दोन पुरचुंड्या राहिल्यात."

त्यांनी त्या शिवल्या. टाके लांबलचक, वाकडेतिकडे. दुसरी तर एका बाजूनं उसवलीच, तेव्हा संतोष आंटींनी काही न बोलता ती हातातून काढून घेऊन पुरी केली. पाला खालच्या पार्कातल्या कडुनिंबाचा आणला.

पुढच्या होळीनंतर इमारतीच्या गच्चीवर गालिचा गेला. भाऊ सावलीत खुर्ची टाकून बसले होते, पट्टा बांधून. "उलट्या बाजूनं! पाठीवर मारा, तोंडावर नाही," असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होते. धूळ झटकून गालिचा सुलट केला, तेव्हा तनया त्यांच्या खुर्चीशी आली.

"आजोबा, आजीला पक्षी आवडत होते?"

भाऊंनी त्या झाडाकडे बघितलं. रफू केलेली शेपटी बाकीच्या रंगापेक्षा किंचित गडद होती.

"असतील," ते म्हणाले.