डोंगर दिसला तर

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मेळघाटात वणवा कुठे लागलाय ते वरून पाहायला आमच्या वनखात्याने अकोल्याच्या धावपट्टीवर दोन माणसांचं एक विमान भाड्याने ठेवलं होतं. ते चालवणारा वैमानिक दर्यापूरकडचा. पायात चपला, खिशात फुटाणे आणि चेहऱ्यावर कायम झोप अपुरी राहिल्यासारखा शीण. मी कारकून, नकाशा घेऊन त्याच्यामागे बसायचो.

सकाळी तो उत्तरेकडे तोंड करून उभा राहायचा. सातपुड्याची रांग दिसली तर उडायचं, नाहीतर नाही. उन्हाळाभर आमच्या वनाधिकारी साहेबांशी त्याचा हाच वाद ऐकून माझे कान किटले होते.

त्या दिवशी धुराने डोंगर पुसूनच टाकला होता. आग कोरकू आदिवासींच्या एका वस्तीकडे सरकत होती. साहेब ओरडले, "घाबरता काय?"

"भेतो ना साहेब," फुटाणा तोंडात टाकत तो म्हणाला. "धुरात घुसलो तं आग दिसन, पन सांगाले वापस कोन येईन?"

साहेबांनी त्याला भेकड म्हटलं. त्याने विमान दोरांनी बांधलं आणि आग विझवायला निघालेल्या मजुरांच्या ट्रकमध्ये चढला.

दुसऱ्या दिवशी परतला तेव्हा भुवया जळलेल्या, सदऱ्याला भोकं. वस्ती वाचली होती.

"वरून जायला भिता, मग आगीत कसे शिरलात?" मी विचारलं.

तो डोळे चोळत पंखाच्या सावलीत टेकला.

"खाली वाट दिसली नाई तं मानूस जागीच बसते, बाबू. वर कुठी बसू?"