येऊन गेलेल्याची वाट

लातूर जिल्हा नवा झाला आणि बाबांची बदली नांदेडहून तिकडच्या कचेरीत झाली. नांदेडला आम्ही चार-पाच बहाई घरं होतो; लातुरात आमचं एकटंच. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, बाबा पुढं बहाई झालेले. दर एकोणीस दिवसांनी मिळून प्रार्थनेला बसायची रीत त्यांनी इथंही सोडली नाही. खोलीभर सतरंजी अंथरायचे आणि तिच्यावर आम्ही तिघं. मोकळी उरलेली सतरंजी बघून मला रडू यायचं. मला नांदेड हवं होतं, निदान चौथं माणूस तरी.

त्या साली दुष्काळ. गाव टँकरची वाट बघायचं, पावसाची बघायचं. बाबा मात्र ज्याला त्याला सांगायचे, मैत्रेय म्हणा, कल्की म्हणा, इसा म्हणा, येणारा एकच आणि तो येऊन गेला, शंभरावर वर्षांमागं इराणात, आमच्या बहाई धर्माचा संस्थापक म्हणून. "टँकर कधी येतो ते सांगा की साहेब," लोक म्हणायचे. आईला हसू आवरायचं नाही.

घरमालकीण खाला तेवढी ऐकून घ्यायची. तिचा नवरा अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत घरातून गेला तो गेलाच. जिवंत की मेला, कुणी सांगितलं नाही. नवरोजच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाला बाबांनी तिला बोलावलं आणि ती खरंच आली. आईनं राखून ठेवलेल्या पाण्याचं सरबत केलं. मला तर तिला कुठं ठेवू नि कुठं नको झालं.

प्रार्थना झाली, बाबा सुरू झाले.

"चांदण्या गळतील, मग येणारा येणार म्हणत्यात," खाला म्हणाली. "त्या तर हायत जागच्या जागी."

"चांदण्या म्हणजे धर्माचे जाणते, खाला. तेच वाट चुकले. लोक आभाळाकडं बघत बसले आणि येणारा येऊन गेला."

"मग हिकडं का न्हाई आले?"

"कैद झाली, हद्दपारी झाली. चाळीस वर्षं आपल्या मुलखाबाहेर काढली."

खालाचा ग्लास हातातच राहिला. "कैदेत व्हते," ती हळू म्हणाली. "म्हणून येता आलं न्हाई."

एरवी बाबांना चुकीचा अर्थ खपत नसे. त्यांनी तोंड उघडलं, आईकडं पाहिलं आणि मिटलं.

"अन् घरी कुणी कळवलं का?"

"घरचे सोबतच होते," बाबा म्हणाले. "बायको, लेकरं. कैदेतसुद्धा."

खालानं पदर डोळ्यांना लावला. मला तिचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही.

"लई नशिबाची बाई," ती म्हणाली. "तिला वाट बघावी लागली न्हाई."