विहिरीतला तांबडा थर

दादा मेवाडातून परत आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन धोतरं, एक कांबळं आणि एक दगड होता. दगड सव्वा शेर भरला. मी लोणावळ्याला घाटरस्त्याच्या खडीची मोजणी करत असे, त्यामुळे दगड पाहिला की वजनाचा अंदाज येई. हा अंदाजापेक्षा बराच जड निघाला.

दादा माझा थोरला भाऊ. लढाईच्या दिवसांत मेवाडात जस्ताची एक जुनी खाण पुन्हा उघडली. तिथे तो दगडाला भोकं पाडण्याच्या कामावर गेला आणि छाती घालवून आला. टाकव्याच्या घरी पडवीत बसून, खोकल्याच्या उबळी सोसत, तो त्या खाणीचं सांगे. तिथला डोंगर आपल्यासारखा काळ्या दगडाचा नाही, राखाडी चुनखडीचा आहे. थर आडवे नाहीत, फडताळात पुस्तकं लावावीत तसे उभे आहेत. फार पूर्वी त्यांच्या भेगांतून कढत पाणी वर आलं, त्यानं चुना खाल्ला आणि त्या जागी जस्त सोडलं, असं एका साहेबानं त्याला समजावलं होतं. पण ते जस्त भांड्याच्या जस्तासारखं दिसत नाही. ट्रंकेतल्या दगडात ते होतं. काकवीच्या रंगाचं, चकाकणारं, आणि त्यात शिशाचे करडे चौकोनी कण.

"वरून काय बी दिसत न्हाई," दादा सांगे. वरचा दगड पावसानं कुजून त्याची तांबडी, गंजल्यासारखी माती होते. खाणीतले लोक तिला टोपी म्हणत. टोपी दिसली की खाली खणायचं. जस्त तापवलं की धूर होऊन उडून जातं, म्हणून जुन्या लोकांनी ते मातीच्या नळ्यांत कोंडून थंड केलं होतं. त्या वापरलेल्या नळ्या रचून तिथल्या लोकांनी घरांच्या भिंती केल्या आहेत, हेही तो सांगे. त्यावर शेजारचे आबा म्हणाले, "तितं नळ्यांच्या भिंती, अन् तुज्या घराला अजून कूडच." सगळे हसले. दादा हसला नाही.

आमच्या वरच्या शेताच्या कडेला एक विहीर होती. विहीर कागदावर आमची, पाणी मात्र डोंगरावरच्या वाडीचं. वाडीत अकरा झोपड्या. त्यांचा ओढा माघात आटे, तिथून पावसाळ्यापर्यंत ही एकच विहीर. म्हणून दर चैत्रात वाडीची माणसं खाली येऊन तिचा गाळ काढत, आणि आम्ही त्यांच्या पाण्याला कधी हरकत घेत नसू. ती रीत आजोबांच्या वेळेपासूनची. खोली अडीच परस, म्हणजे हात वर करून उभी राहिलेली अडीच माणसं. त्या वर्षी पाणी फार खाली गेलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून अर्धा परस आणखी खणायचं ठरवलं. वाडीच्या बाजूनं बोलणारी एक विधवा म्हातारी होती. तिला सगळे मावशी म्हणत. ती स्वतः पाट्या उचलायला येई, सुनेला बरोबर घेऊन.

काळ्या दगडात हातभर गेल्यावर पांढरा पट्टा लागला. त्यात तिरप्या विटांसारखे खडे होते, आणि काही पोकळ्यांत कापसासारखे बारीक तंतू. दादानं एका खड्याची भुकटी करून तिच्यावर लिंबू पिळलं. फेस आला.

"चुना हाय," तो म्हणाला. काठावर बसलेली माणसं वाकून बघायला लागली.

पट्ट्याखाली तांबडी, पिवळसर माती लागली. मऊ, टिकावानं सुटणारी. तिच्या वर पाणी जमायला लागलं होतं, चांगलं गुडघाभर. वाडीला तेवढं पुरलं असतं. दादा मात्र खाली उतरून ती माती हातात घेऊन बसला. चुन्याखाली टोपी, टोपीखाली जस्त, असं त्यानं धरलं होतं.

मी त्या रविवारी कान्ह्याच्या स्टेशनावर उतरून गावी गेलो होतो. पांढरा खडा मी तांब्यात बुडवून मोजला. पाण्याच्या पावणेतीन पट जड. आपला काळा दगड जेमतेम तीन पट, आणि मेवाडचा साडेतीन पट. पांढऱ्यात धातू असता तर तो काळ्यापेक्षा हलका भरला नसता. दुसरं असं की घाटरस्त्यासाठी कापलेल्या कड्यात ही तांबडी पट्टी मी रोज पाहत होतो. आपल्या डोंगरात काळ्या थरावर काळा थर आहे, आणि दोहोंच्या मध्ये ही भाजलेली माती. झरे नेमके तिच्या वरून पाझरतात, कारण ती पाणी खाली जाऊ देत नाही. मी दोन्ही गोष्टी दादाला सांगितल्या.

"तू खडीचे ढीग मोज," तो म्हणाला. "जमिनीच्या पोटात मी गेलतो, तू न्हाई."

ते खरंच होतं, आणि सगळ्या गावाला तेच पटलं. मावशीनं एकच विचारलं, "भाऊ, पानी ऱ्हाईल न्हवं?"

"वाढंल," दादा म्हणाला.

सोमवारी त्यांनी तांबडा थर फोडला. तो जेमतेम दोन हात जाड होता. त्याखाली जो दगड लागला तो करपलेल्या भाकरीसारखा भोकाभोकांचा आणि भेगाळलेला होता. दुपारपर्यंत गुडघाभर पाणी घोट्यावर आलं, आणि संध्याकाळी तळ ओला तेवढा राहिला. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा वाडीची माणसं भोकांत काळी माती आणि शेण भरत होती. मग चुना आणून भरला. चुना वाळेपर्यंत पाझर बंद ठेवता येईना, त्यामुळे तो धरला नाही. दादा काठावर बसून कुठे काय भरायचं ते सांगत होता. त्याचं सांगणं कुणी मोडलं नाही, पण त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

वाडीला मग नदीच्या डोहावर जावं लागलं. उतरायला पाऊण तास, भरल्या हंड्यानं चढायला दीड. वैशाखात त्या डोहाचं पाणी हिरवं झालं आणि वाडीत पटकी आली. तिघं गेली. त्यांत मावशीची सून होती.

पावसात विहीर काठोकाठ भरली तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दादानं तर नारळ वाढवला. मार्गशीर्षात पुन्हा तळ दिसला.

त्या पौषात मावशी आमच्या अंगणात आली. दादा तेव्हा बाजेवरून उठत नव्हता. ती ओरडली नाही, रडलीही नाही. उभ्यानंच म्हणाली, "भाऊ, जस्त ऱ्हाऊ द्या तुमचं. हीर पैल्यासारखी करून द्या."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी काही मोजून उत्तर देईन असं त्याला वाटलं असावं. फुटलेला थर पुन्हा बसवता येत नाही. हे तिला मीच सांगितलं, कारण कुणीतरी सांगायला हवं होतं. वहिनीनं तिला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. पाणी तिनं तांब्या ओठाला न टेकवता, वरून, सावकाश प्यायलं आणि रिकामा तांब्या पालथा घातला.

होळीच्या आधी वाडी उठली. झोपडीतलं न्यायसारखं असतं ते दार. ती फळी प्रत्येकानं काढून डोक्यावर घेतली होती, आणि काखेत हंडे. शेताच्या बांधावरून ते एकामागून एक गेले. मी मावशीला कुठं म्हणून विचारलं.

"वलवनला," ती म्हणाली. "धरनाचं पानी आटत न्हाई म्हंत्यात. पर भरू देत्यात का न्हाई, कुनाला ठावं."

दादाची बाज पडवीत होती. ती सगळी दारं जाताना त्याला दिसत होती. त्यानं बाज आत न्यायला सांगितली नाही.