बी चाउसिकूच्या ओट्याखालचं पाणी

आमच्या गल्लीत पाणी किती चढलं हे पाऊस ठरवत नाही, बी चाउसिकू ठरवते. पुरानंतर कोणी तांदूळ आणि ब्लँकेटं घेऊन आलं, तर पाणी सगळ्यांच्या छातीपर्यंत चढलेलं असतं. कोणी लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आलं, तर ते घोट्याच्या वर कधी गेलेलंच नसतं. यात काही खोटेपणा आहे असं तिला वाटत नाही. आलेल्या माणसाचं तोंड बघून बोलावं, एवढंच तिचं म्हणणं.

दार-एस-सलामच्या नदीकाठी आमची बोंडेनी वस्ती. तिथल्या दहा घरांची ती म्जुंबे, म्हणजे प्रमुख. दहा घरं म्हणायची पद्धत जुनी. मोजली तर आता त्रेचाळीस भरतात. उंचीने ती माझ्या काखेपर्यंत येते, पण तिचा आवाज नदीपलीकडे जातो. नवराबायकोची भांडणं, हरवलेल्या कोंबड्या, नळावरचे नंबर, सगळं तिच्या ओट्यावर येतं. ती आधी दोन्ही बाजूंना काळी कॉफी आणि शेंगदाण्याची चिक्की देते आणि तोंड भरलेलं असताना निकाल सांगून टाकते. मी समोरच्या घरात शिंपीकाम करतो. मशीनवर बसलो की तिचा ओटा सरळ समोर दिसतो, त्यामुळे माझं कापड वाया जातं पण निकाल एकही चुकत नाही.

हा ओटा पूर्वी जेमतेम दोन माणसांचा होता. न्याय मागायला आलेली माणसं उन्हात ताटकळायची, म्हणून सहा वर्षांपूर्वी तिने तो पुढे वाढवला आणि वर पत्रा घातला. वाढवायला जागा एकच होती, घरापुढून नदीकडे जाणारा जुना नाला. तो दगडवाळू भरून बुजवला गेला. त्यानंतरच्या पावसापासून, एरवी घोट्याला लागणारं पाणी आमच्या कमरेला लागायला लागलं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि सगळी गल्ली त्याच ओट्यावर बसून, हल्ली पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही म्हणत कॉफी पीत होती.

फेब्रुवारीत, मोठा पाऊस लागायच्या आधी, तौसी आली. विद्यापीठात शिकणारी मुलगी, अंगात पिवळं जाकीट, हातात फोन. वस्तीचा नकाशा वस्तीतल्याच लोकांना विचारून करायचा आणि त्यावरून गटार कुठून न्यायचं ते ठरवायचं, असं तिचं काम.

"शिकामू, बिबी," ती वाकून म्हणाली.

"मरहबा," बी म्हणाली आणि सरकून जागा दिली. पोरगी नुसतं नमस्काराचं काहीतरी पुटपुटली असती तर दुपारपर्यंत उन्हात उभी राहिली असती. आजीच्या वयाच्या बाईला शिकामू म्हणणारी पोर वाईट असूच शकत नाही, यावर बीचा विश्वास आहे.

तौसीने फोन दाखवला. आकाशातून काढलेल्या फोटोत आमचे पत्रे ओळीने दिसत होते. प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारायचा होता: मागच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं, घोटा, गुडघा, कंबर की छाती? उत्तर दाबलं की घराला निळा रंग चढे. पाणी जितकं वर, निळा तितका गडद.

बीचा चेहरा जरा उतरला. नदीच्या अगदी काठावरच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी कोणीतरी वही घेऊन हाच प्रश्न विचारत फिरलं होतं. लोकांनी इमानदारीने छाती सांगितली. महिन्याभरात भिंतींवर लाल फुल्या आल्या, आणि मग घरं पाडणारं यंत्र आलं. आता तिथे नुसतं गवत आहे.

म्जुंबे बरोबर असल्याशिवाय आमच्याकडे कोणी दार उघडत नाही. तेव्हा बी तौसीबरोबर निघाली, आणि जाताना प्रत्येक दारात स्वतःच्या घोट्याला हात लावून तो खाजवू लागली. त्रेचाळीस घरांनी घोटा सांगितला. आमच्या घरी भिंतीवर कमरेएवढी चिखलाची रेघ होती. बायकोने आणि मी आदल्या तासात तिच्यापुढे कपाट ओढून घेतलं होतं. मात्र खाट सहा विटांवर चढवलेली होती, ती कुठे लपवणार?

"खाट एवढी उंच का हो?" तौसीने विचारलं.

"कोंडोची उतरताना कंबर धरते," बी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "उंच असली की बरं पडतं."

महिनाभर मी कंबर धरून चालत होतो.

मग वॉर्डाच्या मैदानात सभा भरली. भिंतीवर पांढरी चादर ताणून तिच्यावर नकाशा पाडला होता. सगळी बोंडेनी निळी, आणि मध्ये आमची गल्ली पांढरीशुभ्र. वरच्या गल्लीचा म्जुंबे मकामे, त्याने आपल्या सगळ्या घरांना छाती लावून घेतली होती, टेकाडावरच्या दुमजली घरालासुद्धा. तौसीने सांगितलं की पैसे एकाच गटाराला पुरतील, आणि नकाशाप्रमाणे ते मकामेच्या गल्लीतून येईल. गटाराचं तोंड निघत होतं आमच्या गल्लीच्या डोक्यावर.

"तुमच्याकडे कोरडंच असतं की," मकामे म्हणाला. "आमचं पाणी तेवढं ठेवून घ्या."

लोक हसले. बी हसली नाही. तौसीने नकाशावर बोट ठेवलं. गटार आमच्या गल्लीतून सरळ नदीला नेता आलं असतं, एकही घर न पाडता. जुन्या फोटोत तिथे नाल्याची काळी रेघ दिसत होती. नव्या फोटोत ती मध्येच संपत होती, एका पत्र्यापाशी. शुक्रवारपर्यंत नकाशात दुरुस्ती चालणार होती. पण घरोघरी पाण्याच्या खुणेचा फोटो हवा, आणि नाला कुठे होता हे सांगणारं कोणीतरी हवं.

"इथे पाणी जायचं कुठे, कोणाला आठवतं का?" तिने विचारलं.

आमची त्रेचाळीस घरं तिथे हजर होती. कोणालाच काही आठवेना. मला तर माझ्या चपलेचा अंगठा इतका मन लावून कधी बघितल्याचं आठवत नाही.

"उद्या सकाळी ये, पोरी," बी म्हणाली.

सकाळी ती पुन्हा तौसीला घेऊन निघाली. पण या वेळी प्रत्येक दारात म्हणत होती, "खरं सांगा. लाज माझी, तुमची नाही." माणसं बावरली. एकीने सवयीने घोटा सांगितला, तर बीने तिच्या खोलीतली गोणपाटं स्वतः बाजूला केली. आमचं कपाट मी हलवलं. रेघ निघाली. बीने आपल्या छातीला हात लावला.

"छाती," ती म्हणाली.

"कोणाची?" मी म्हटलं. "तुमची छाती म्हणजे माझी कंबर."

"तुझी कंबर धरते ना, तिच्यावरून कोणी पाणी मोजत नाही."

तौसीने पिशवीतून टेप काढली, तेव्हा कुठे वाद मिटला.

शेवटचं घर म्वाजाबूचं. ती अंथरुणाला खिळलेली आहे. मागच्या पुरात तिला दार काढून त्या दारावर घालून आम्ही चौघांनी वर नेलं होतं, आणि बी पाण्यातून तिचा हात धरून चालत होती. तौसीने पाणी किती ते विचारलं. म्वाजाबूने बीकडे बघितलं.

"मी झोपलेली होते," ती म्हणाली. "माझ्या तोंडाशी आलं होतं. त्याला काय म्हणतात तुमच्यात?"

तौसीच्या फोनमध्ये तोंड नव्हतं. बी बाहेर पडली आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसली. तिची मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं.

"नाला इथे आहे," ती ओट्यावर हात आपटून म्हणाली. "माझ्या बुडाखाली. त्या बाईला दारावरून नेलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी वर्षभर मी याच्यावर बसून लोकांना न्याय सांगितला."

तौसी हळू आवाजात म्हणाली, "बिबी, गटार इथून न्यायचं तर ओटा आणि पत्रा जाईल."

"मग काय, अर्धं घर नेणार होतीस का? दे इकडे."

तिने फोन घेतला, हात लांब करून धरला आणि पत्र्यापासून नदीकडे बोट ओढलं. पहिली रेघ भलतीकडेच वळून मकामेच्या स्वयंपाकघरातून गेली. बी जरा रेंगाळली तिथे, मग तौसीने ती रेघ पुसून दिली. दुसरी रेघ बरोबर आली. फोनने विचारलं, माहितीचा आधार काय?

"पाहिलेलं की ऐकलेलं?" तौसीने विचारलं.

"लिही, बुजवणारी मीच."

"असा पर्याय नाही, बिबी."

"मग कर."

तौसीने खाली रिकामी जागा शोधली आणि तसंच लिहिलं. मी आणि शेजारपाजारचे भिंतीला टेकून ऐकत होतो. बीने एकदा आमच्याकडे नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली.

"आणि त्याच्याखाली लिही," ती म्हणाली, "दगड वाहणारा कोंडो शिंपी, समोरचं घर."

हे मी आतापर्यंत तुम्हालाही सांगितलं नव्हतं. तौसीने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणता आलं असतं. बी म्हातारी आहे, तिला नीट आठवत नाही, असंही म्हणता आलं असतं. गल्लीने मान्यही केलं असतं.

"दोन दिवस वाहिले," मी म्हटलं. "वाळूसुद्धा."